दंडावरून आणलेली देवी

जव्हारच्या शाळेत देवी काढणारे एक गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्या दंडावर चार ठिकाणी टोचलं. तो सोमवार होता.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आमचा पाडा संस्थानच्या हद्दीतलाच, पण पार मोखाड्याच्या बाजूला. शिकण्यासाठी मी जव्हारात मामाकडे राहत असे. पोशेऱ्याकडे देवीची साथ आल्याची बातमी होती, म्हणून वरच्या वर्गांतल्या सगळ्या मुलांना फुकट टोचायचं असा दरबारचा हुकूम निघाला. गावातल्या मुलांना तान्हेपणीच टोचलेलं असे. त्यांचे जुने वण बघून टोचणारे एकेक ओरखडा काढत आणि पुढे सरकवत. माझी बाही वर केली तेव्हा ते थांबले. दंड कोरा होता. मागचा मुलगा म्हणाला, डोंगरातला आहे, पळेल बघा. मी पळालो नाही. त्याचं कारण एवढंच, की हेडमास्तरांनी माझा दुसरा हात धरून ठेवला होता.

पळण्याची आमच्याकडे रीतच होती. दोन वर्षांपूर्वी हेच टोचणारे पाड्यावर आले, तेव्हा आईने माझ्या धाकट्या बहिणीला रिकाम्या कणगीत बसवून वर सूप झाकलं होतं. ज्यांची मुलं सापडली, त्या बायांनी टोचणारे वळणाआड जाताच मुलांच्या दंडांवर चुलीतली राख चोळून लस पुसून काढली. आमच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. देवी आपल्या मर्जीने येते. परक्या माणसाने तिला बाटलीतून आणून पोरांत घालू नये. माझा थोरला भाऊ देवीतच गेला होता, तरी आई हेच म्हणे. कदाचित म्हणूनच म्हणत असावी.

आठव्या दिवशी टोचणारे फोड बघायला आले. माझे चारही फोड भरले होते. ते हेडमास्तरांना म्हणाले, नळीतली लस डोंगरापर्यंत उन्हातून नेताना मरून जाते. हा मुलगा बरोबर चालला तर लस त्याच्या दंडात जिवंत पोचेल. तेव्हा एकाच्या फोडातली लस दुसऱ्याला देता येत असे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या पाड्यावर मला नुसत्या कोंबड्या भेटतात. तू आलास तर माणसं भेटतील."

बहीण पाच वर्षांची होती. पोशेरा आमच्यापासून दोन डोंगरांवर. हेडमास्तरांनी रजा दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. फोडांना कापड घासू नये म्हणून मामीने सदऱ्याची बाही कापून टाकली होती. वाटेत दंडाला खाज सुटे. माझा हात तिकडे जाऊ लागला, की टोचणारे पाढा म्हणायला लावत. एकोणतिसाचा पाढा मला त्या चढावर पाठ झाला.

आईने दारातच माझा दंड पाहिला. मला ओट्यावर बसवलं, फोडांच्या वरच्या अंगाला कुंकू लावलं, पुढे नागलीच्या आंबिलीची वाटी ठेवली आणि माझ्या दंडाला हात जोडले. शाळेत शिकणाऱ्या मला त्याची लाज वाटत होती. पण टोचणाऱ्यांनी अंगणात वहाणा काढल्या आणि हे सगळं होईपर्यंत ते उभे राहिले.

ते कशासाठी आले आहेत हे कळल्यावर आई म्हणाली, "तुझ्यात आली ती आली. पोरीत त्याची देवी जायची नाही."

ते वाद न घालता मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. मी पुस्तकातलं पुष्कळ सांगायचं ठरवून आलो होतो, पण घरच्या बोलीत त्यातला एकही शब्द नव्हता. मी एवढंच सांगितलं, की बहिणीत जाईल ते माझ्या दंडातलं. त्यांनी बाटली आणलेलीच नाही. आईने त्यांना पिशवी उघडायला लावली. नस्तर निघालं, कापूस निघाला आणि एक बाटली निघाली. ती शाईची होती. तरी आईने ती कुंपणाबाहेर ठेवायला लावली, आणि त्यांनी ती ठेवली.

मग आईने बहिणीला मांडीवर घेतलं. टोचणाऱ्यांनी माझा एक फोड हलकेच फोडला, त्यातला थेंब नस्तराच्या टोकावर घेतला आणि तिच्या दंडावर टोचलं. ती रडत मला म्हणाली, "तुझं तुझ्यापाशी ठेव." आईने तिला टोचून घेतलेलं पाहून आणखी सहा मुलांना त्यांच्या आया घेऊन आल्या.

टोचणारे निघून गेले तशी शेजारची काकू सवयीने राखेची मूठ घेऊन आली आणि बहिणीचा दंड धरू लागली. आईने तिचं मनगट पकडलं.

"राख नको लावू. माझ्या पोराची आहे ती."

होळीनंतर साथ आमच्या पाड्यावर आली. दोन घरांत शिरली. आमच्या घरात आली नाही, त्या सहा मुलांच्या घरांतही नाही.

त्या टोचणाऱ्यांचे आभार मी मानले नाहीत. तेव्हा ते सुचण्याचं वय नव्हतं, आणि सुचलं तोवर ते कुठे बदलून गेले हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. अंगणात अनवाणी उभे राहिलेले ते मला पुष्कळदा आठवतात. त्यांनी घाई केली असती तर आईने ऐकलं नसतं. आणि आईने, एक मूल गमावलेल्या बाईने, दुसरं मूल नस्तरापुढे धरलं, त्याला किती बळ लागलं असेल हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं.

या पावसाळ्यात बहीण गेली. म्हातारपणाने गेली, नातवंडं भोवती असताना. मला रडू येतं, पण तक्रार करावीशी वाटत नाही. पाचव्या वर्षापुढचं तिचं सगळं आयुष्य आम्हाला मिळालं.

तिच्यामागे दोन मुलगे आहेत, ते भात आणि नागली करतात. मुलगी खोडाळ्याच्या शाळेत शिकवते.