मेस्त्रींनी न लावलेलं कुंकू

मुंबईत मी सात वर्षं वृत्तपत्रात उपसंपादक होतो. ऐकीव गोष्ट छापायची नाही, ही तिथली शिस्त. त्यामुळे असे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलो आहे. हा प्रसंग मात्र माझ्याच सहीच्या कागदावर घडला…

ऑक्टोबर १९९९. दुबईत अल कुसैसला, कलावस्तू पॅक करून पाठवणाऱ्या एका कंपनीत मी रिपोर्ट लिहायचो. वस्तू क्रेटमध्ये जाण्याआधी तिच्यावरची प्रत्येक चीर, डाग, उडालेला रंग नोंदवायचा, फोटो काढायचे, सही करायची. त्या दिवशी एक लाकडी चित्रपाटी होती – सोनेरी पार्श्वभूमीवर मेरी आणि बाळ येशू, बायझंटाइन धाटणी, क्रुसेडच्या काळातली, सुमारे आठशे वर्षं जुनी. मालकानं ती नुकतीच विकत घेतली होती. शारजाला प्रदर्शनात जायची होती. मी लिहिलं : ‘मेरीचं कपाळ – बारीक तडे. डाग नाही.’

क्रेट आत्माराम मेस्त्रींनी बनवली होती. कुडाळचे, अकरा वर्षं इथं. त्या दिवशी खंडेनवमी होती. क्रेट बंद करून सील लावल्यावर त्यांनी करवत, रंधा, ड्रिल मांडून पूजा केली आणि क्रेटच्या झाकणावरही कुंकवाचं बोट टेकवलं.

“मेस्त्री, आतल्या बाईंना चालेल का?” मी चेष्टेनं विचारलं.

“पेटी माझी आहे, साहेब. आतलं त्यांचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शारजात सीलचा नंबर मी स्वतः तपासला. सील शाबूत होतं. मेस्त्रींनी झाकण काढलं. मेरीच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, लाल ठिपका होता. झाकणावरचं कुंकवाचं बोट मात्र दिसेना.

आमच्या मॅनेजरला पूजा माहीत होती. “और कौन करेगा? खलास! इसका व्हिसा कॅन्सल!”

मेस्त्रींच्या दोन मुली याच पगारावर शिकत होत्या. ते माझ्याकडे वळले. “हात लावला असता तर सांगितलं असतं, साहेब. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या देवीला कुंकू कोण लावेल?”

प्रदर्शनाच्या तज्ज्ञ बाई सायप्रसच्या होत्या. त्यांनी अर्धा तास भिंगातून पाहिलं. ठिपक्यावरून ओला कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला.

“रंग वार्निशच्या खाली आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तडेही त्यातूनच गेलेत. हा चित्राइतकाच जुना आहे. तुमच्या माणसाचा संबंध नाही. रिपोर्ट चुकलाय.”

मॅनेजरनं दुरुस्तीचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘ठिपका नजरेतून सुटला,’ असं लिहून मी सही केली. मेस्त्री कामावर राहिले.

तिसऱ्या दिवशी पॅकिंगआधी काढलेल्या फोटोंचा रोल धुऊन आला. चेहऱ्याच्या क्लोज-अपमध्ये कपाळावर बारीक तडे होते. ठिपका नव्हता.

तो फोटो दाखवला असता, तर चौकशी पुन्हा मेस्त्रींवरच आली असती. मी तो फाइलला लावला नाही.

मेस्त्री २००४ साली कायमचे गावी गेले. त्यांच्याशी मी फोटोबद्दल कधी बोललो नाही. आत्ता तो समोर ठेवूनच हे लिहितो आहे. ठिपका कुठून आला, मला माहीत नाही. त्या दुरुस्तीत मी खोटं लिहिलं – खात्रीनं सांगता येईल असं एवढंच आहे.