पोती अंथरलेली सभा
धानाच्या तणसाचा वास आला की मूल शहराजवळच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. झाडीपट्टीच्या नाटकांतली आमची लाडकी नटी रंगमंच सोडून दारूबंदीसाठी गावोगाव फिरत होती. त्या दिवशी तिची सभा होती, पण बायांना वाटलं नाटकच आहे, म्हणून त्या नेहमीसारख्या पोती घेऊन जागा धरायला आल्या. धान कापलेल्या शेताच्या बांधीत आईनेही आमचं पोतं अंथरलं. नटीने कोणाची समजूत काढली नाही. तोंडाला रंग न लावताच तिने दारुड्याच्या बायकोचा तो गाजलेला प्रवेश सुरू केला आणि ऐन रडायच्या वेळी थांबली. "पुढचं मले नाई येत," ती म्हणाली, "तुमच्यातल्या कोनाले येते का?" मग माझी आई उठली, जिचा आवाज घरात कधी निघाला नव्हता. "मले येते, बाई. रोजचंच हाय," म्हणाली आणि शेवटपर्यंत बोलली. मागे पळसाखाली बाप उभा आहे, हे तिला माहीत होतं. आता आई नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला ते नाटक अजून लागतं, नवी नटी छान रडते. मी पोतं आईपुरतं जास्त अंथरते, आणि ते रडणं जवळ आलं की रंगमंचाकडे न बघता शेजारी बघते.