एका अक्षराची दुरुस्ती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राला बाकी सगळं सांगतो त्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात फार काही नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो — एका प्रोग्राममधली एका अक्षराची दुरुस्ती, एवढंच तर आहे. मग त्या वर्षातलं दुसरं काहीच मला आठवत का नाही?

मी मूळचा लातूरकडच्या मुरुडचा. लातूरला इंजिनिअरिंग केलं आणि नांदेडात चार माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. किनवट भागातल्या वसतिगृहांत मुलींची आरोग्य तपासणी करणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे होतं. उंची, वजन, रक्तगट, आणि मुख्य म्हणजे सिकलसेल — आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. तो असलेल्या मुलीला ऊर फुटेस्तोवर पळवायचं नसतं, पाणी भरपूर द्यायचं असतं, गोळी चुकवायची नसते. पण त्यासाठी तो आहे हे आधी माहीत असावं लागतं.

ही माहिती रेखाताई भरायच्या. देगलूरच्या, कंत्राटी नर्स, चाळिशीच्या आसपास. त्यांच्याजवळ पूर्वी एक जाडजूड वही असायची. मुलीचं नाव, गाव, आणि आजार असेल तर पुढे लाल पेनाची फुली. त्यांच्या हाती लॅपटॉप दिला तेव्हा मीच म्हणालो होतो, "ताई, आता वही बंद करा. दोनदा कशाला लिहायचं?"

"करू म्हणता बंद? तुमच्या भरवशावर हाय बरं का," त्या हसून म्हणाल्या. आणि त्यांनी वही बंद केली.

आता थोडं यंत्राचं सांगावं लागेल. प्रोग्राम चालू असताना प्रत्येक मुलगी त्यात एक ऑब्जेक्ट असते — नाव, वय, तपासणीचा निकाल असे कप्पे असलेली एक वस्तू. प्रोग्राम बंद केला की ती जाते. ती टिकवायची किंवा दुसऱ्या मशीनवर न्यायची, तर सगळे कप्पे एकामागे एक मांडून तिची फाइल करावी लागते. याला सिरियलायझेशन म्हणतात. तिकडे फाइल उघडली की प्रोग्राम कप्प्यांची नावं जुळवतो आणि वस्तू पुन्हा उभी करतो. वसतिगृहांत नेटवर्क नव्हतं. रेखाताई फाइल पेनड्राइव्हवर हलवून, लॅपटॉपवर काही न ठेवता, रेल्वेने नांदेडला यायच्या, आणि मी ती आमच्या मशीनवर उघडायचो. कुणाला गोळ्या द्यायच्या, कुणाला जपायचं याची यादी वसतिगृहांना तिथूनच जायची.

सिकलसेलच्या कप्प्याच्या इंग्रजी नावात मी घाईत एक अक्षर गाळलं होतं. पडद्यावर ते कुणाला दिसत नव्हतं. पण कंपनीत नवा सीनियर येणार होता, तो माझा कोड वाचणार होता — आणि मला स्पेलिंगची लाज वाटली. मी अक्षर घातलं. फक्त नांदेडच्या मशीनवर. किनवटच्या लॅपटॉपवर जुनंच नाव राहिलं. खरं तर नावं न जुळणारी फाइल समोर आली की प्रोग्रामने अडायला हवं. पण तो अडला की मला फोन यायचे, म्हणून तो अडणार नाही अशी तजवीज मीच आधी करून ठेवली होती. मग काय झालं? नव्या नावाचा कप्पा फाइलीत सापडला नाही, तेव्हा त्याने तिथे आपलं ठरलेलं उत्तर भरलं. ते उत्तर होतं 'नाही'. कुठे इशारा नाही, काही नाही.

तपासणीच्या त्या फेरीत एकाही मुलीपुढे 'हो' नव्हतं. हे मला खटकायला हवं होतं — नाही खटकलं.

दोनेक महिन्यांनी त्यांच्यातली नववीतली एक मुलगी शाळेच्या स्पर्धेत पळाली आणि हातपाय दुखून मैदानावरच आडवी झाली. नांदेडच्या दवाखान्यात आणली तेव्हा तिथे आजार कळला. ती वाचली. पण पुढे तिच्या खुब्याचं हाड निकामी झालं. ती लंगडते.

संस्थेने बैठक बोलावली. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेखाताईंची फाइल जुन्या प्रोग्रामने उघडून पाहिली. त्या मुलीपुढे 'हो' होतं. आणखी दहा जणींपुढे 'हो' होतं. म्हणजे बैठकीत बसलो त्या वेळी मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

संस्थेच्या डॉक्टरांनी रेखाताईंना त्या मुलीच्या नोंदीबद्दल विचारलं. त्या उभ्या राहिल्या.

"म्या भरलं होतं सर. त्या पोरीचं नाव बी मला ध्यानात हाय. 'हो'च भरलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "असं होऊ शकतं का? भरलं एक आणि दिसलं दुसरं?"

मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "सर, जे भरलं जातं तेच दिसतं."

रेखाताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात संशय असता तर मला बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही म्हणताव तर माझंच चुकलं असंल."

मग मी अजून एक केलं. त्या दहा मुलींचं काय, हे मला स्वस्थ बसू देईना. म्हणून मीच सुचवलं की त्या फेरीतल्या सगळ्यांची तपासणी पुन्हा करून घ्यावी. झाली. दहाही जणी सापडल्या, औषध सुरू झालं. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि रेखाताईंची चूक एका मुलीची होती ती अकरा मुलींची झाली. त्यांचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. मी प्रोग्राम दुरुस्त केला, जुनी फाइल पुसून टाकली. हे भीतीपोटी केलं का? असेल. पण शांतपणे केलं, एवढं आठवतं.

मागच्या वर्षी कामासाठी देगलूरला गेलो होतो. बाजारात रेखाताईंनीच मला ओळखलं, ओढून घरी नेलं, चहा टाकला. आता ब्लाउज शिवून देतात. नर्सचं काम सुटलं ते सुटलंच.

"नको वाटतं सर. माझ्या डोक्यावर माझाच भरवसा न्हाई राहिला. गॅस बंद केला का, हे बी तीनदा बघून राहिले मी."

दर दिवाळीनंतर रेखाताई त्या लंगडणाऱ्या मुलीच्या गावी जातात, हे मला तेव्हा कळलं. एसटी बदलत, दिवसभराचा प्रवास करून. तिला ड्रेस शिवून नेतात. पहिल्या वेळी गेल्या तेव्हा त्यांनी तिचे पाय धरले होते.

"लई अवघडली पोरगी. म्हणे, मावशी, असू द्या. असू द्या कसं म्हणावं? तिचा पाय तर माझ्यापायी गेला ना?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ताई, होतं असं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, बरं वाटलं सर, तुम्ही म्हणालात ते.

मग त्या मला स्टँडवर सोडायला आल्या, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या.