साच्याची पिठी

माझ्या धाकट्या दिरांचा उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आता पावाचं तोंड बघणार नाही." पण त्यांच्या सुनेला गहू बाधतो, त्यातलं ग्लूटेन कणभरही पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं आणि भाऊजींनी पुन्हा बाह्या सरसावल्या. "घरात पाववाला असताना पोरीनं पावावाचून राहायचं?"

तांदळाचं नि ज्वारीचं पीठ त्यांनी मळ मळ मळलं. पाव झाला विटेसारखा. सुनेनंच कुठूनसं शोधून काढलं, की यात इसबगोल घालायचं, पीठ सैल ठेवायचं, मळायचं नाही. "हा काय गोळा आहे? पोस्टर चिकटवायची खळ आहे ही!" असं कुरकुरत त्यांनी ती खळ साच्यात ओतली. पाव फुगला! सुनेनं दोन जाड काप लोणी लावून खाल्ले. भाऊजी उरलेला पाव घेऊन शेजाऱ्यांना दाखवून आले.

पुढे महिन्याभरात तिचं पोट पुन्हा बिघडलं. ती वाळत चालली. एकदा मुलगा, सुनेची आई, मी, सगळी जेवायला बसलेलो असताना भाऊजी तिला म्हणाले, "माझ्या पिठात गव्हाचा कण नाही. ऑफिसात कुणाच्या डब्यात हात घातलास?"

"नाही बाबा, खरंच नाही."

"मग गहू काय वाऱ्यावर आला?"

"खाल्लं असशील तर सांगून टाक ना," नवराही म्हणाला. ती भरल्या ताटावरून उठली. तिची आई मान खाली घालून भात चिवडत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. भाऊजींनी साच्याला तेल लावलं, एका डब्यातून चिमूट घेऊन आत भुरभुरली आणि साचा उलटा करून ठोकला. सगळं इतक्या सफाईनं, की मी बघतच राहिले.

"ते काय हो?"

"पिठी. पाव चिकटू नये म्हणून."

"कसली?"

"कसली म्हणजे? मैद्या..."

त्यांचे कान लालबुंद झाले. बेकरीत पीठ म्हणजे पावात जातं ते. पिठी कुणी हिशेबातच धरत नसे. "वहिनी, मी पीठ बदललं. पिठी ध्यानातच आली नाही."

"मुद्दाम का केलंत? हळूच सांगा तिला."

"बोललो तेव्हा हळू बोललो होतो का?"

त्यांनी विहीणबाईंना बोलावून घेतलं आणि त्याच जेवणाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर, उभ्यानं सांगितलं. "मीच तुला गहू घालत होतो आणि चोर तुला ठरवलं." मुलाला बायकोकडे बघवेना.

सून म्हणाली, "चूक कुणाचीही होते बाबा. पण मी नाही म्हणत होते, ते तुम्हाला कुणालाच खरं वाटलं नाही."

तो डबा घराबाहेर गेला, नवे साचे आले. तरी बरेच दिवस तिनं पावाला हात लावला नाही, आणि "खा" म्हणायला भाऊजींची जीभ रेटेना.

अखेर एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली. "जरा इथं बसशील? मी करतो, तू माझ्या हातांवर नजर ठेव. सवयीनं कुठे जातील, माझा मलाच भरवसा नाही."

तिनं स्टूल ओढलं. भाऊजींनी हात धुतले आणि शाळकरी पोरासारखे उलटसुलट करून तिच्यापुढे धरले.

"मनगटंही," ती म्हणाली.

ते पुन्हा नळाकडे वळले.