डाव्या हाताचा साचा

मिस्त्रींची आणि वाइनच्या बाटलीच्या बुचाची पहिली भेट झाली, तेव्हा घरात रणधुमाळी माजली. चाळीस वर्षं दारं, खिडक्या आणि कपाटं वठणीवर आणणाऱ्या या माणसानं अंगठ्याएवढं बूच टेबलावर आडवं ठेवून सुरी लावली मात्र, ते निसटून बशीवर आदळलं, चष्म्याला चाटून गेलं आणि थेट पलंगाखाली दडलं. मिस्त्री गुडघ्यांवर त्याच्या मागे. दुसरं बूच चहात पडलं. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले खरे, पण एक खाऊनपिऊन सुखी आणि दुसरा जन्माचा उपाशी. बुचं घेऊन आलेली मेव्हणी खुर्चीतून म्हणाली, "दाजी, जमत नसेल तर राहू द्या."

हे तिनं म्हणायला नको होतं.

मेव्हणी हॉटेलातून पोत्यानं बुचं आणायची, उभी चिरायची आणि ती चिकटवून गरम भांड्याखाली ठेवायच्या बैठकी करून विकायची. चिरताना बोटं कापली जात, म्हणून ती बहिणीच्या घरी आली होती. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी गॅलरीत बसून साचा केला. ठोकळ्यात बूच मावेल अशी खाच, वरून दाबायला दांडीचं झाकण आणि झाकणात बारीक करवतीचं पातं जाईल एवढीच फट. बूच घाला, झाकण दाबा, करवत ओढा. दोन्ही अर्धुकं अशी सारखी, की जुळ्या भावांनी लाजावं. मिस्त्री तीन दिवस मान ताठ करून घरात वावरले.

चौथ्या दिवशी कळलं, की साचा दुसऱ्या कोणाच्या हाती चालतच नाही. मिस्त्री डावखुरे. दांडी त्यांनी आपल्या सोयीनं उजवीकडे बसवलेली. बायकोनं उजव्या हातात करवत धरली, की तिच्या दोन्ही हातांची कात्री व्हायची.

"राहू दे गं," ती बहिणीला म्हणाली, "हे आहेत ना घरी. यांना दुसरं काम काय?"

झालं. पोती येत राहिली. गॅलरीचं दार अर्धंच उघडू लागलं, आणि मिस्त्रींना चहा खिडकीतून मिळू लागला.

खरं म्हणजे मिस्त्रींना काम होतं. त्यांचा जुना दोस्त, पॉलिशवाला, नदीकाठी घर बांधत होता आणि त्याला लाकडी गोल जिना हवा होता. मिस्त्रींनी जन्मात सगळं केलं, पण गोल जिना त्यांना कधी कोणी सांगितलाच नव्हता. दोस्तानं लाकूड आणून ठेवलं होतं आणि महिनाभर वाट बघतो म्हणाला होता. सोळा पायऱ्या मिस्त्रींच्या वहीत काढून तयार होत्या. घरात सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. उजव्या हाताचा साचा करायचा, तो बायकोच्या हवाली करायचा आणि सुटायचं. आरशात बघून करावा तसा सगळा उलटा साचा त्यांनी बनवला. बायकोनं पहिलंच बूच असं चिरलं, की मिस्त्रींना क्षणभर मत्सर वाटला. मग त्यांनी घसा खाकरला.

"मला एक जिना करायचाय. दोस्ताकडे. महिनाभर जावं लागेल."

"मग जा की. मी काय बांधून ठेवलंय?" बायकोची करवत थांबली नाही. "एवढं पोतं झालं की जा."

तेवढ्यात मेव्हणी आली. तिनं एकाशेजारी एक दोन साचे पाहिले आणि तिथूनच दुकानदाराला फोन लावून दुप्पट ऑर्डर घेतली. आता पोती दोन-दोन येऊ लागली. नवराबायको गॅलरीत गुडघ्याला गुडघा लावून बसत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण हे माझ्याजवळ इतका वेळ पहिल्यांदाच बसतायत, असं बायको शेजारणीला सांगताना मिस्त्रींनी ऐकलं, आणि घशाशी आलेला जिना पुन्हा गिळला.

पोतं संपेपर्यंत थांबायचं, असं म्हणता म्हणता दोन महिने गेले. पॉलिशवाल्यानं बाजारातून तयार लोखंडी जिना आणून बसवला.