कडेच्या नजरेनं

साखरेनं दादाच्या डोळ्यांचा पडदा गेला. डॉक्टर म्हणाले, मधलं आता दिसणार नाही, कडेचं थोडंफार दिसेल, पण लेसरमुळं अंधारातली नजर मंदावेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादा मला म्हणाला, "मधलं गेलं तर जाऊ दे की. आपण तारं कुठं मधनं बघतो?"

खरंच होतं ते. आकाशातली फिकट वस्तू दुर्बिणीतून बघताना तिच्यावर नजर रोखली की ती विरते. जरा बाजूला बघावं, मग डोळ्याच्या कडेला हळूच उमटते. हे मला दादानंच शिकवलेलं. नव्वदच्या दशकात उचगावच्या कारखान्यातली पाळी संपवून आला की तो सोप्यात बसून काचेवर काच घासायचा. दुर्बिणीच्या आरशापायी त्यानं आख्खा पावसाळा घालवला. आई करवादायची, "पोरगी बघायला चल म्हटलं तर ह्यो काच घासत बसलाय."

पुढं लग्न झालं, साखर झाली, डोळे गेले. आणि त्या डिसेंबरात त्यानं धोशाच लावला, कोडोलीच्या शेतावर जाऊया, अवस हाय. मी भडकले. थंडीत पायाला काही लागलं तर निस्तरणार कोण? वहिनीनं मात्र त्याची कानटोपी नि शाल काढून माझ्या हातात दिली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आकाश अजून आपल्याला दिसतंय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

जेवणं उरकून दुर्बीण घेऊन निघालो. शेतात उसाला पाणी चाललेलं आणि शेजारच्या मोटारीच्या खोलीवर बल्ब जळत होता. एरवी दादानं बांधावरूनच शिव्या हासडल्या असत्या. त्या रात्री तो तसाच पुढं गेला. मीच जाऊन तो बंद करून आले.

"देवयानी लाव," तो म्हणाला.

ती दीर्घिका मी शोधून दिली. पाटीवर खडूचं बोट फिरवल्यासारखा लांबट डाग. दादा स्टुलावर बसून भिंगाला डोळा लावून बसला. आमची दुर्बीण साधी, नळी हातानं ढकलत राहिलं नाही तर वस्तू आपसूक सरकून बाहेर जाते. बोलता बोलता नळी ढकलायची त्याच्या हाताला सवय होती. आता हात मांडीवर होता.

"सरकली असंल रे, दादा."

"आं? व्हय, सरकली वाटतं." मग म्हणाला, "मृगातला तेजोमेघ लाव. त्यो तर पोरासोरास्नीबी दिसतोय."

मी लावला. इतका लख्ख होता की मला त्याचाच राग आला. दादा परत वाकला. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. कानटोपी काढून ठेवली, जणू तीच आड येत होती. मला ते बघवेना.

"धुकं आलंय रे," मी म्हणाले. "मलाबी काय दिसंना."

त्यानं तोंड वर केलं. "धुकं आलं की तोंडाला ओल लागती. आज कोरडी थंडी हाय." आवाज अगदी साधा होता. "ऊठ म्हणालीस तर उठतो. पण मला फशिवू नगंस."

स्टूल सोडून तो शाल लपेटून माझ्या शेजारी जमिनीवर बसला. "तू बघ. आन् काय दिसतंय ते सांग. नीट सांग."

मी डोळा लावला. मधले चार बारके तारे सांगितले. पंखांसारखी दोन्हीकडं पसरलेली धूसर झळ सांगितली. खालची काळी खाच सांगितली. तो हं, हं म्हणत होता. मग त्याचं हं म्हणणं थांबलं. दादाचं रडणं ऐकू येत होतं. मी वळून बघितलं नाही. नळी जराजराशी ढकलत राहिले आणि दिसेल ते सांगत राहिले.