नेत्याचे विराम आणि माझा शर्ट

१४ मे, सकाळी आठ वाजून सात मिनिटे. विचुंब्याच्या नाक्यावरचे इस्त्रीवाले काका नेत्याचे युद्धाविषयीचे भाषण मोबाइलवर ऐकत होते आणि हाताखाली माझा मुलाखतीचा एकमेव पांढरा शर्ट होता. नेता बोले तेव्हा त्यांची इस्त्री धावे. तो टाळ्यांसाठी थांबला की तीही जागीच थांबे. मी स्टॉपवॉच लावले. विराम दोन सेकंदांचे, मग तीन, मग चार. पाचाच्या पुढे कापड करपणार.

"काका, शर्ट!"

"ताई, चाळीस वर्सांचा हात हाय, जलत नाय!"

विराम लांबवून ताण चढवणे ही वक्त्यांची साधी युक्ती आहे, असे मी त्यांना समजावणार, तोच नेता गरजला, "शत्रूने एक गोष्ट विसरू नये..." आणि थांबला.

काकांनी श्वास रोखला. मीही रोखला. शर्टातून धूर निघेपर्यंत आम्ही दोघे मोबाइलकडेच पाहत राहिलो.

शेवटची नोंद: नऊ सेकंद.